अंतुले, करकरे आणि सहा दिवस: एका वक्तव्याचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात साधारणपणे माणसांची नावं गाळतात. इथे ती गाळून उपयोग नाही. 'एक ज्येष्ठ मुस्लिम केंद्रीय मंत्री, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री' एवढं लिहिलं तरी कोकणातलं शाळकरी पोरही नाव सांगेल. म्हणून सार्वजनिक नोंदीत असलेल्यांची नावं ठेवली आहेत. त्या दिवशी संसदेच्या आवारात माइक पुढे करणारे पत्रकार आणि नंतर घोषणा देणारे कार्यकर्ते मात्र निनावीच आहेत.

प्रकरण डिसेंबर २००८ मधलं आहे. मुंबईवरच्या हल्ल्यात पोलीस अधिकारी हेमंत करकरे कसे मारले गेले यावर केंद्रीय मंत्री अंतुले यांनी शंका घेतली, आणि सहा दिवस देश त्यावर भांडला. राजकीय संवाद किंवा पत्रकारिता शिकणाऱ्यांनी ते नीट पाहावं असं मला वाटतं. एका रास्त प्रश्नाचा जीव कसा गेला हे त्यात दिसतं, आणि तो एकट्या विरोधकांनी घेतला नाही हेही दिसतं.

पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबरच्या रात्री दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. २९ तारखेच्या सकाळी ताजमधली कारवाई संपली तोवर १६६ जणांचा बळी गेला होता. या प्रकरणाचा संबंध त्या रात्रीच्या एका छोट्या तुकड्याशी आहे.

सीएसटीवर गोळीबार करून अजमल कसाब आणि अबू इस्माईल कामा इस्पितळात शिरले. तिथे पोलीस अधिकारी सदानंद दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना तोंड दिलं. दाते जखमी झाले. दाते अडचणीत असल्याचं कळल्यावर दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर त्या बाजूला निघाले. तिघंही एकाच क्वालिसमध्ये होते. गाडी साळसकर चालवत होते, मागे चार शिपाई होते. कामा इस्पितळाला लागून असलेल्या रंगभवनच्या गल्लीत दोघा अतिरेक्यांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. सातपैकी सहा जण गेले. वाचले ते अरुण जाधव. जखमी अवस्थेत सहकाऱ्यांच्या देहांखाली ते निपचित पडून राहिले, आणि अतिरेकी तीच गाडी घेऊन निघाले. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलत कसाबला धरलं.

ही घटना राजकीयदृष्ट्या एवढी ज्वालाग्राही का झाली, हे समजायला दोन महिने मागे जावं लागतं. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात स्फोट झाला. करकरेंच्या पथकाने तपासात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करकरेंवर हिंदुत्ववादी पक्ष-संघटनांकडून जोरदार टीका होत होती. मग ती रात्र आली. सीएसटीवर हेल्मेट चढवणारे, चिलखती जाकीट अंगात घालणारे करकरे टीव्हीवर पुन्हा पुन्हा दिसले आणि कालपर्यंत टीकेचा धनी असलेला माणूस सगळ्यांचा हुतात्मा झाला. हा बदल इतक्या झपाट्याने झाला की बऱ्याच मुस्लिम वस्त्यांत लोक कुजबुजू लागले: मालेगावचा तपास करणारा अधिकारी नेमका याच रात्री कसा गेला? हा संशय उर्दू वृत्तपत्रांतूनही डोकावू लागला. त्याला पुरावा नव्हता. पण तो होता, आणि त्याला कुणी जबाबदार माणूस उत्तर देत नव्हता.

दुसरीकडे मुंबईतल्या मुसलमानांनी आपली बाजू कृतीने मांडली होती. मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. ते मृतदेह जे. जे. इस्पितळाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून होते. ९ डिसेंबरला बकरी ईद आली तेव्हा नमाजाला जाणाऱ्या अनेकांच्या दंडावर काळी फीत होती.

आणखी एक संदर्भ. हा काळ वक्तव्यांचाच होता. 'मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतात' अशा अर्थाचं बोलून आर. आर. पाटील यांनी गृहमंत्रिपद घालवलं होतं. ताजची पाहणी करायला एका चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेल्यामुळे विलासराव देशमुखांच्या खुर्चीखालची वाळू सरकली ती सरकलीच. केरळचे मुख्यमंत्री अच्युतानंदन यांनी हुतात्मा मेजर संदीप उन्नीकृष्णन यांच्या घराविषयी असभ्य शब्द वापरले आणि टीका झाल्यावर खेद व्यक्त केला. भाजपचे मुख्तार अब्बास नक्वी निदर्शनं करणाऱ्या बायकांच्या लिपस्टिक-पावडरवर घसरले, तेव्हा त्यांच्या पक्षाने अंग काढून घेतलं. सांगायचा मुद्दा असा की डिसेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक पुढाऱ्याला एक गोष्ट कळायला हवी होती: या विषयावर तोंड उघडण्याआधी शब्द मोजून घ्यावे लागतात.

बोलणारे गृहस्थ

अब्दुल रहमान अंतुले तेव्हा ७९ वर्षांचे होते. मूळचे रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, बॅरिस्टर, १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. या पदावर बसलेले आजवरचे एकमेव मुस्लिम. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच कारकिर्दीत मिळालं. सिमेंट प्रकरणात (सिमेंटवाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचा आरोप) न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर पद गेलं, पण माणूस संपला नाही. २००४ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले आणि २००६ पासून नव्याने स्थापन झालेल्या अल्पसंख्याक मंत्रालयाचे केंद्रीय मंत्री होते.

यातल्या दोन गोष्टी पुढे कळीच्या ठरतात. ते बॅरिस्टर होते, म्हणजे विधान न करता सूचित कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि ते मंत्री होते, म्हणजे ज्या सरकारला ते प्रश्न विचारत होते त्या सरकारचाच ते भाग होते.

१७ डिसेंबर

त्या दिवशी लोकसभेत राष्ट्रीय तपास यंत्रणा उभारण्याचं विधेयक आणि बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यातली दुरुस्ती मंजूर झाली. सहा दिवस आधी, ११ तारखेला, सभागृहाने हल्ल्याचा निषेध करणारा ठराव एकमताने संमत केला होता. सरकार आणि विरोधक एका सुरात बोलतायत असं दृश्य दिल्लीत क्वचित दिसतं. त्या आठवड्यात ते दिसत होतं.

त्याच दिवशी संसदेबाहेर पत्रकारांशी बोलताना अंतुले म्हणाले की वरवर पाहता अतिरेक्यांना करकरेंना मारायचं काही कारण नव्हतं. करकरेंच्या तपासात काही प्रकरणांत बिगरमुस्लिमांचा हात असल्याचं पुढे आलं होतं, आणि दहशतवादाच्या मुळाशी जाणारा माणूस नेहमीच लक्ष्य होतो. करकरे दहशतवादाचे बळी ठरले की 'टेररिझम प्लस समथिंग'चे, हे आपल्याला ठाऊक नाही. तिघं अधिकारी एकत्र एकाच गाडीतून कसे गेले, हेही त्यांना कळत नव्हतं. याची स्वतंत्र चौकशी व्हावी असा त्यांचा रोख होता.

संध्याकाळच्या बातम्यांत विधेयकं मागे पडली. वाहिन्यांच्या पट्टीवर अंतुले होते.

अडचण नेमकी कुठे होती

हे वक्तव्य सुटं करून पाहिलं की त्यात दोन वेगळ्या वस्तू एकत्र बांधलेल्या दिसतात.

पहिली वस्तू म्हणजे पोलिसी कामकाजाविषयीचा प्रश्न. तीन वरिष्ठ अधिकारी एका गाडीत का होते? अतिरेकी कामा इस्पितळाच्या मागच्या बाजूने बाहेर पडलेत ही माहिती नियंत्रण कक्षाकडे कधी आली, पुढे कुणाला दिली गेली? कुमक का पोचली नाही? हे प्रश्न पूर्णपणे रास्त होते. कुठल्याही मोठ्या कारवाईनंतर ते विचारलेच पाहिजेत.

दुसरी वस्तू म्हणजे हेतूचा संशय. करकरे मालेगावचा तपास करत होते, म्हणून त्यांना कुणीतरी मुद्दाम त्या गल्लीत धाडलं असेल. याला आधार काहीच नव्हता. क्वालिसवर गोळ्या झाडणारा एक माणूस जिवंत सापडला होता आणि कोठडीत होता. गाडीत बसलेला एक शिपाई वाचला होता. अतिरेक्यांना गाडीत करकरे आहेत हे माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, समोरून आलेल्या पोलिसांच्या गाडीवर त्यांनी गोळ्या झाडल्या. पुढे सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालय या तिन्ही पातळ्यांवर या हत्यांसाठी कसाब दोषी ठरला.

अंतुलेंनी दुसरी वस्तू पहिलीच्या पाठीवर बसवली. त्यामुळे पुढचे सहा दिवस सगळा देश दुसरीवर भांडला आणि पहिली कुणी पाहिलीच नाही.

तिसरा पदर बोलणाऱ्याच्या धर्माचा. तो टाळून हे प्रकरण लिहिता येणार नाही. एखाद्या बिगरमुस्लिम मंत्र्याने हेच शब्द वापरले असते तर गदारोळ झाला असताच, पण त्याला 'कुणाची भाषा बोलतोस' असं विचारलं गेलं नसतं. दोन वर्षांनी, डिसेंबर २०१० मध्ये, दिग्विजयसिंह यांनी हल्ल्याच्या काही तास आधी करकरेंशी आपलं बोलणं झालं होतं आणि त्यांना हिंदुत्ववाद्यांकडून धमक्या येत होत्या असा दावा केला. त्यांच्यावरही टीकेची झोड उठली, फोनचे तपशील मागितले गेले. पण टीका होत होती ती काँग्रेसच्या नेत्यावर. अंतुलेंच्या वेळी मात्र टीका मंत्र्यावरून समाजावर सरकायला अर्धा दिवसही लागला नाही. दंडावर काळ्या फिती लावून ईदच्या नमाजाला जाणाऱ्यांनी आठवडाभरापूर्वी जे कमावलं होतं, त्याची किंमत दोन्ही बाजूंनी कमी केली: एका बाजूने वक्तव्य करणाऱ्याने आणि दुसऱ्या बाजूने त्या वक्तव्यावरून सगळ्या समाजाला हिशेब मागणाऱ्यांनी.

आणि चौथी गोष्ट म्हणजे वेळ. १७ डिसेंबरला पाकिस्तान सरकारने कसाब आपला नागरिक असल्याचं मान्यसुद्धा केलेलं नव्हतं. ती कबुली जानेवारीत आली. भारत पुरावे गोळा करून जगापुढे ठेवायच्या तयारीत असताना भारताच्याच मंत्र्याने 'आणखी काहीतरी' असं म्हणावं, हा विरोधकांचा आक्षेप केवळ राजकारण म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता.

पर्याय आणि निर्णय

अंतुलेंपुढे १७ तारखेच्या सकाळी निदान तीन वाटा होत्या.

एक, पंतप्रधानांना किंवा गृहमंत्र्यांना पत्र लिहायचं. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, हे राज्यघटनेच्या ७५ व्या कलमात आहे. सहकारी मंत्र्याच्या खात्याविषयी शंका असेल तर ती मांडायची जागा मंत्रिमंडळाची बैठक. दोन, कामकाजाविषयीचे प्रश्न तेवढेच जाहीरपणे विचारायचे: वेळा, निरोप, कुमक. यात कुणाच्या हेतूवर बोट येत नाही. तीन, मनातलं सगळं बोलून मोकळं व्हायचं.

त्यांनी तिसरी वाट का घेतली? त्यांचं मन वाचण्याचा दावा मी करणार नाही. वस्त्यांमधली कुजबुज त्यांच्या कानावर येत होती आणि अल्पसंख्याकांचा मंत्री म्हणून ती बोलून दाखवणं हे आपलं काम आहे असं त्यांना वाटलं असणं शक्य आहे. निवडणूक पाच महिन्यांवर होती, हेही खरं. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, त्यांच्यापुढे पुन्हा एक फाटा आला. लोकसभेत शिवसेना आणि भाजपच्या खासदारांनी गोंधळ घातला, राजीनाम्याची मागणी केली. अंतुलेंच्या काँग्रेस पक्षाचे प्रवक्ते अभिषेक मनु सिंघवी यांनी हात झटकले: पक्ष या मताशी सहमत नाही. इथे 'माझ्या बोलण्यातून हेतूविषयी संशय निघाला असेल तर तो मी मागे घेतो, पण गाडी आणि कुमकेचे प्रश्न कायम आहेत' असं म्हणायला वाव होता. अच्युतानंदन यांच्यासारखा हट्टी माणूसही खेद व्यक्त करून मोकळा झाला होता. अंतुलेंनी खुलासा केला तो असा: त्यांना कुणी मारलं हे मी म्हटलं नाही, त्यांना तिकडे कुणी पाठवलं हे मी विचारलं. कोर्टात असा खुलासा चालतो. टीव्हीवर त्याचा अर्थ 'पाठवणाऱ्याचाच डाव होता' असा झाला, आणि आग आणखी भडकली.

काँग्रेसपुढचे पर्याय जास्त अवघड होते. काढून टाकावं तर निवडणुकीच्या तोंडावर एका मुस्लिम मंत्र्याला प्रश्न विचारल्याबद्दल घालवलं असा संदेश जाणार, आणि उर्दू वृत्तपत्रांत तो दिवस उलटायच्या आत गेला असता. ठेवावं तर दहशतवादाच्या बाबतीत मऊ असल्याचा आरोप आणखी घट्ट होणार. आधीच केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव, आर. आर. पाटील एवढ्या विकेट पडल्या होत्या. पक्षाच्या आत आवाजही दोन होते. काहींना मंत्र्याचं बोलणं मुळीच पसंत नव्हतं, तर दिग्विजयसिंहांसारख्यांना चौकशी व्हायला हरकत काय, असं वाटत होतं.

अंतुलेंनी राजीनामा पाठवल्याच्या बातम्याही याच दिवसांत आल्या. तो स्वीकारलाही गेला नाही, फेटाळलाही गेला नाही. दिल्लीत अशा कागदाला 'विचाराधीन' म्हणतात.

शेवटी निवडला गेला तो मधला मार्ग. वक्तव्याशी पक्ष सहमत नाही, मंत्री मंत्रिमंडळात आहे, आणि गृहमंत्री सभागृहात वस्तुस्थिती मांडतील. मार्ग म्हणून तो वाईट नव्हता. पण तो सहाव्या दिवशी अमलात आला.

२३ डिसेंबर

नवे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकसभेत निवेदन केलं. करकरे सीएसटीवरून कामा इस्पितळाकडे का आणि कसे गेले, कोण कुठे होतं, याचा क्रम त्यांनी सांगितला आणि संशयात काही तथ्य नसल्याचं स्पष्ट केलं. विरोधकांचं समाधान झालं नाही, त्यांना अंतुलेंचा राजीनामाच हवा होता. अंतुलेंनी मात्र आपलं समाधान झाल्याचं सांगितलं. अधिवेशन त्याच दिवशी संपलं.

हे निवेदन वाचताना एक गोष्ट खटकते. त्यातले बहुतेक तपशील मुंबई पोलिसांकडे नोव्हेंबर संपायच्या आतच होते. अरुण जाधव जिवंत होते. कसाब कोठडीत होता. बिनतारी संदेशांच्या नोंदी होत्या. म्हणजे १८ तारखेच्या सकाळी, किंवा खरं तर १ डिसेंबरलाच, राज्य सरकारला रंगभवनच्या गल्लीतल्या घटनाक्रमाचं दोन पानी टिपण प्रसिद्ध करता आलं असतं. मुंबईत तेव्हा सगळेच नवे होते. अशोक चव्हाणांनी ८ डिसेंबरला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती, गृहखातं जयंत पाटलांकडे नुकतंच आलं होतं. कुणाला हे सुचलं नाही, किंवा सुचून धाडस झालं नाही, कारण तो क्रम सांगायचा म्हणजे नियंत्रण कक्षाकडे बोट जाणार. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

परिणाम

अंतुले मंत्रिमंडळाची मुदत संपेपर्यंत मंत्री राहिले. मे २००९ मध्ये रायगडमध्ये शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांचा पराभव केला. या पराभवाचं खापर डिसेंबरच्या वक्तव्यावर फोडण्याचा मोह होतो, पण मतदारसंघाची पुनर्रचना झाली होती आणि स्थानिक समीकरणंही वेगळी होती. शिवाय त्याच निवडणुकीत मुंबईतल्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीला मिळाल्या. जिथे हल्ला झाला त्या शहराने मत देताना अंतुलेंचं वक्तव्य मनावर घेतलं नाही, असा तर्क यातून निघतो. त्यांचं निधन २ डिसेंबर २०१४ ला झालं.

सरकारचं नुकसान त्या मानाने थोडं झालं. खरं नुकसान प्रश्नाचं झालं. २३ तारखेनंतर 'तिघे एका गाडीत का होते' असं विचारणारा माणूस अंतुलेंच्या रांगेत उभा केला जाऊ लागला.

आणि तरीही तो प्रश्न पुढे विचारला गेला, तोही नीट. अशोक कामटेंच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून नियंत्रण कक्षाच्या संदेशांच्या नोंदी मिळवल्या. कुठल्या वेळी कुणी काय कळवलं, गोळीबाराची खबर कधी आली, जखमी अधिकारी रस्त्यावर असताना मदत किती उशिरा आली, हे त्यांनी नोंदींच्या आधारे २००९ मध्ये लोकांपुढे मांडलं. पोलीस दलात खळबळ उडाली, वरिष्ठांना उत्तरं द्यावी लागली. त्यांनी कुणाच्या हेतूवर शंका घेतली नाही. वेळा मांडल्या. दोघांचा मूळ प्रश्न जवळजवळ एकच होता. तो विनितांनी विचारला तेव्हा त्याला उत्तर द्यावं लागलं. अंतुलेंनी विचारला तेव्हा त्याच्या जागी राजीनाम्याची चर्चा झाली. अर्थात विनिता कामटेंना एक सोय होती जी अंतुलेंना नव्हती: त्यांच्या देशप्रेमावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. हा फरक नजरेआड करून 'बघा, नीट विचारलं की उत्तर मिळतं' असा धडा काढणं लबाडीचं होईल.

हल्ल्याच्या चौकशीसाठी राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल २००९ मध्ये तयार झाला. तोही सरकारने आधी दडवून ठेवला. ज्या संशयाला माहितीच्या अभावाने खतपाणी मिळालं होतं त्यावर हा उपाय म्हणजे कमालच म्हणायची.

करकरेंचा मृत्यू त्यानंतरही राजकारणातून सुटला नाही. २०१९ च्या निवडणुकीत भोपाळच्या भाजप उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी करकरे आपल्या शापाने गेले असं म्हटलं. पक्षाने अंग झटकलं, त्यांनी विधान मागे घेतलं आणि निवडूनही आल्या. २०२४ मध्ये विधानसभेतले विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांनी करकरेंना लागलेली गोळी कसाबची नव्हती अशा अर्थाचं विधान केलं आणि पंधरा वर्षांपूर्वीचा सगळा प्रयोग पुन्हा झाला: गदारोळ, खुलासा, पक्षाची सावध भाषा. मालेगाव खटल्यातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयात निर्दोष सुटले. त्या निकालाचे अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावले.

वेगळं काय करता आलं असतं

अंतुलेंपुरतं बोलायचं तर पत्र. 'माननीय गृहमंत्री, रंगभवन परिसरातल्या घटनाक्रमाबाबत समाजात शंका आहेत, खालील पाच बाबींवर सरकारने खुलासा करावा' असं पत्र, आणि पाठवल्यानंतर दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर ते पत्र जाहीर. यात मंत्र्याची शिस्त राहते, ज्यांच्या शंका आहेत त्यांना आपला प्रतिनिधी गप्प बसला नाही हे दिसतं, आणि विरोधकांना पकडायला शेपूट मिळत नाही. कुजबुज पोचवणं हे लोकप्रतिनिधीचं काम आहेच. पण ती पोचवताना तिच्यातलं खरं आणि अंदाजाचं वेगळं करणं हेही त्याचंच काम आहे, आणि इतकी वर्षं वकिली-राजकारण केलेल्या माणसाकडून ते व्हायला हवं होतं.

पक्षाने पहिल्या दिवशीच दोन वाक्यं एकत्र बोलायला हवी होती. 'हेतूवरचा संशय आम्ही नाकारतो' आणि 'घटनाक्रम सरकार उद्या सभागृहात मांडेल.' सिंघवींनी पहिलं वाक्य बोललं. दुसरं चिदंबरम यांनी सहाव्या दिवशी. मधले दिवस वाहिन्यांनी भरून काढले.

वृत्तवाहिन्यांविषयी बोलायचं तर त्या दिवसांत मुंबईत शंभरेक पत्रकार असतील ज्यांना रंगभवनची गल्ली पायी फिरून पाहता आली असती: कामा इस्पितळाचं मागचं दार कुठे उघडतं, गाडी कुठून वळली, झाडी कुठे आहे. काहींनी ते केलंही. पण रात्री नऊच्या चर्चेत बसवले ते चार पक्षांचे चार प्रवक्ते. मंत्र्याचं वाक्य तपासून पाहण्याऐवजी त्या वाक्यावर प्रतिक्रिया गोळा करणं स्वस्त पडतं. कामा इस्पितळाच्या मागच्या दारापासून क्वालिसपर्यंतचं अंतर दाखवणारा एक नकाशा दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला असता तर अंतुलेंच्या संशयाचं आयुष्य बरंच आखूड झालं असतं.

विरोधकांनी राजीनामा मागितला, तो त्यांचा हक्क होता. पण सहा दिवस सभागृहाचा वेळ हातात असताना त्यांनी कुमकेबद्दल, बिनतारी यंत्रणेबद्दल, करकरेंच्या अंगावरच्या जाकिटाच्या दर्जाबद्दल सरकारला खिंडीत गाठायची संधी घालवली. सुरक्षेच्या प्रश्नावर निवडणूक लढवू पाहणाऱ्या पक्षांसाठी हे हिशेबाने पाहिलं तरी चुकलंच. अंतुले हे सोपं लक्ष्य होतं, म्हणून सगळे बाण तिकडे गेले. ते जाकीट इस्पितळातून गहाळ झाल्याचं पुढे उघड झालं, तेही करकरेंच्या पत्नी कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात पाठपुरावा केल्यावर. एका सफाई कामगाराने ते फेकून दिलं, असं उत्तर शेवटी मिळालं.